पाहुण्याची कबुली

त्या पाहुण्याचा आणि माझा संबंध काय, हे मला आजही कोणीतरी नीट समजावून सांगावं. मी लष्करी सामानाच्या कारखान्यात टर्नर. ख्रिस्ती नाही. आमच्या घरी गणपती बसतो, वहिनी चतुर्थी धरते. तरीही एकोणीसशे बहात्तरच्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, मी चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत उभा होतो आणि आभाळातून पडलेल्या एका प्राण्याची पापं फादरना हिंदीत सांगत होतो. आता बोला!

पण आधी अण्णाचं सांगायला हवं, कारण आमच्या घराचं घोडं तिथेच अडलं होतं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ रामकृष्ण. तोही आमच्याच कारखान्यात होता. डिसेंबरात लढाई सुरू झाली तशी आमच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या झाल्या आणि अण्णाने भुणभुण लावली की नोकरी सोडतो, अमरावतीकडे गावाला जातो, शेती करतो. लढाईच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो पुन्हा तेच बोलायला लागला. मी पाळीवरून येऊन टेकलो होतो, डोकं भणभणत होतं. मी म्हणालो, "जा की मग! कोण धरून बसलंय तुला?" अण्णाने कप खाली ठेवला, सायकल काढली आणि गेला. पुन्हा आलाच नाही.

गावाला चौकशी केली, तिथे नाही. सायकलही कुठे सापडली नाही. आमच्या सगळ्या गोरखपूर मोहल्ल्यात झालं की धाकट्याने थोरल्याला घराबाहेर काढलं. एक सुनेत्रा वहिनी सोडून. ती मला एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. दर शनिवारी ती ओमतीच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारायची, "हमारे उनकी कुछ खबर?" मी सोबत जायचो. हवालदार भला माणूस होता, रजिस्टर उघडून बघितल्यासारखं करायचा आणि मान हलवायचा. घरी आल्यावर ती अण्णाचे कपडे उन्हात टाकायची, घडी करून परत पेटीत ठेवायची.

अण्णा गेला त्याच दिवशी महाराजपुरच्या पलीकडे शेतात काहीतरी पडलं होतं. लोक म्हणाले, शत्रूचा बॉम्ब. मिलिटरीने दोर बांधले, कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. मागाहून कळलं की खड्ड्यात नुसता वितळलेला धातू आणि राख. दोन आठवड्यांनी, नाताळच्या तोंडावर, चर्चच्या बायका येशूजन्माचा गोठा सजवायला पेंढा काढायला गेल्या, तर त्या पेंढ्यात पाहुणा बसलेला.

उंची बारा वर्षांच्या मुलाएवढी, रंग घासलेल्या पितळी हंड्यासारखा, हात तीन. तोंड नाही, आवाज छातीतून यायचा. बायका किंचाळल्या तेव्हा तो मराठीत म्हणाला, "काहून घाबरून राहिल्या? मी काही करत नाही."

दिल्लीहून साहेब आले, मोजमापं घेतली, कागद रंगवले, आणि पुढचा हुकूम येईपर्यंत त्याला फादर लोबोंच्या ताब्यात ठेवून गेले. लढाई नुकतीच संपलेली, कोणाला सवड होती? ठाण्यात त्याचं नाव परदेशी नागरिकांच्या रजिस्टरात चढलं. बापाचं नाव, माहीत नाही. जन्मगाव, माहीत नाही. दर शनिवारी हजेरी. त्यामुळे ठाण्याच्या एकाच बाकावर एका टोकाला आमची वहिनी आणि दुसऱ्या टोकाला पाहुणा, असं मी डिसेंबरपासून बघत होतो.

त्याला एकच भाषा यायची. हिंदी शिकवून बघितली, इंग्रजी शिकवून बघितली, काही आत जाईना. ज्याला पहिल्यांदा हात लावला त्याची बोली त्याच्यात उतरली आणि खण भरला, असं तो स्वतःच सांगायचा. कोणाला हात लावला, ते सांगायचा नाही. महाराजपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा कोणीही फार खोलात शिरलं नाही. मीही नाही. खरं तर मला कळायला हवं होतं. तो बोलता बोलता "आलं का ध्यानात?" असं म्हणायचा आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पण तसं तर अर्धं वऱ्हाड म्हणतं.

फादर मंगळूरकडचे. त्यांची हिंदी बेतास बात, मराठी शून्य. चर्चला येणारे लोक गोव्याचे, केरळचे, मद्रासकडचे, अँग्लो-इंडियन. मराठी एकही नाही. आमचे चार्जमन पिंटो साहेब मला म्हणाले, "नीलकंठ, जरा आ के समझा दो उसको." साहेबाला नाही कसं म्हणणार? वहिनी म्हणाली, "जा भाऊजी. कोणाचं भलं केलं तर आपलं होईल." ती भलं म्हणाली की त्यात अण्णाच असायचा. म्हणून मी दर रविवारी जायला लागलो.

आणि मग काय विचारता. पाहुण्याला ख्रिस्ती व्हायचं होतं. मी, जानवं घातलेला माणूस, त्याला शिकवायचो, "तुला कोणी निर्माण केलं?" तो म्हणायचा, "तेच विचारायला आलो ना मी." फादर म्हणायचे, क्या बोला? मी सांगायचो. फादर कपाळ चोळायचे. चर्चमध्ये दोन तट पडले. याला आत्मा आहे की नाही? एक गट म्हणे, बोलतो म्हणजे आहे. दुसरा म्हणे, पोपटही बोलतो. आदाम-हव्वेचा हा कोणीच नाही, मग याला मूळ पाप तरी कुठून लागलं, आणि नसलं तर धुवायचं काय? मिसेस पिंटोंनी तेवढ्यात त्याला तीन बाह्यांचा स्वेटर विणून दिला. मला वाटतं, सगळ्या वादात तेवढं एकच काम शहाणपणाचं झालं.

शेवटी बिशप साहेबांचं पत्र आलं: बाप्तिस्मा द्या, पण अट घालून. ईस्टरच्या आदल्या दिवशी फादरनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, अर्धं घसरून माझ्या चपलांवर आलं, आणि ते म्हणाले, "तू पात्र असशील तर, मी तुला बाप्तिस्मा देतो." मी मराठीत सांगितलं. पाहुणा म्हणाला, "असशील तर?" मी फादरना विचारलं, "'तर' काहून?" फादर म्हणाले, देवाला माहीत आहे, आम्हाला नाही, म्हणून. नाव ठेवलं थॉमस. पुढच्या शनिवारी हवालदाराने धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक लिहिलं, तिथे मात्र जर-तर काही नव्हतं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी थॉमस म्हणाला, त्याला पापांची कबुली द्यायची आहे. दुभाष्याशिवाय कशी देणार? फादरनी त्याला विचारलं, कोण चालेल? त्याने तिसरा हात माझ्याकडे केला.

फादरनी मला बाजूला घेतलं. "नीलकंठ, जो सुनोगे वो यहीं खतम. बीवी को नहीं, पुलिस को नहीं, बिशप को नहीं. बाद में मुझसे भी नहीं. जान जाए तो भी नहीं. हां बोलना है तो सोच के बोलो."

मी कसला विचार करतो! कारखान्यात भरती होताना आम्ही सगळ्यांनीच गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते. आत काय बनतं, किती बनतं, घरी सांगायचं नाही. अकरा वर्षं मी तोंड बंद ठेवलं होतं. मला वाटलं, हे त्यातलंच. मी म्हणालो, "हां हां फादर, हमको आदत है." फादरनी गळ्यात जांभळी पट्टी घातली.

कबुली ऐकायच्या लाकडी पेटीत थॉमसचे तीन हात मावेनात, म्हणून वेदीमागच्या खोलीत बसलो. त्याचे गुडघे मागे वळायचे, त्यामुळे त्याला स्टुलावर बसवलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा. फादर म्हणाले, बाप्तिस्म्याच्या आधीचं सगळं धुतलं गेलं, त्यानंतरचं तेवढं सांग.

थॉमस म्हणाला, "नंतरचं एकच आहे. पण आधीचं सांगितल्याशिवाय ते ध्यानात येणार नाही."

आणि तो सांगायला लागला. मी एकेक वाक्य हिंदीत करत गेलो. त्याचं यान महाराजपुरच्या शेतात पडलं, पेटलं. एक माणूस सायकल दामटत थेट यानापाशी आला, सायकल तिथेच टाकली. त्याने दार उचकटलं, थॉमसला हाताला धरून बाहेर ओढलं. तेव्हाच बोली उतरली. थॉमस म्हणाला, आत अजून एक आहे, माझा. माणूस म्हणाला, "काहून घाबरतो? काढतो त्याला पण. मग घरी जायचंय मला लवकर, मटार घेतलेत, सोलायचे आहेत." आणि परत आत गेला. मग आग एकदम वाढली. थॉमसला त्याचा आवाज आला, एकदा नाही, तीनदा. थॉमस पळाला.

मी हिंदीत "मटर" म्हणालो आणि थांबलो. अण्णा गावाला गेलाच नव्हता. माझ्यावर चिडून तो महाराजपुरला गेला, मटार घेतले आणि घरी यायला निघाला होता. घरी! पाच महिने मी ज्या वाक्याखाली चेपलो होतो ते माझं वाक्य त्याने महाराजपुर येईपर्यंत सोडूनही दिलं होतं. मला रडायचं होतं, आणि त्या पितळी गळ्याला धरून भिंतीवर आपटायचंही होतं. दोन्ही एकाच वेळी. फादर म्हणाले, "आगे?"

"आगे" असं होतं. थॉमस म्हणाला, "बाप्तिस्मा झाल्यानंतर सहा शनिवार एक बाई ठाण्यात माझ्या बाजूला बसून नवऱ्याची खबर विचारते. तो माणूस म्हणजेच तिचा नवरा, हे मला माहीत आहे. बाकावर तिचं मराठी बोलणं कानावर पडतं, त्यावरून कळलं. मी सांगितलं नाही. भ्यालो. हे माझं पाप."

हेही मीच हिंदीत सांगितलं.

फादरनी प्रायश्चित्त दिलं: येत्या शनिवारी ठाण्यात, तिला, त्याने स्वतः सांगायचं. मग हात वर करून ते लॅटिनमधलं काहीतरी म्हणाले. थॉमसने विचारलं, "काय म्हणाले?"

मला अर्थ माहीत होता, मीच त्याला शिकवला होता. मी भिंतीवरचे पोपडे मोजत राहिलो. थॉमसने पुन्हा विचारलं. फादरनी मला घाई केली नाही.

"तुला क्षमा झाली म्हणतात," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर बायका चहाचे कप मांडत होत्या. मिसेस पिंटोंनी मला केक दिला. मी खाल्ला.

आता माझं डोकं कसं चाललं होतं बघा. थॉमसने मला काहून निवडलं? मी तिचा दीर, हे त्याला माहीत नव्हतं का? बाकावर आम्ही तिघं बसतो! की माहीत होतं म्हणूनच निवडलं, म्हणजे न सांगता सांगता येईल? मग ही कबुली फादरकडे होती की माझ्याकडे? आणि क्षमा कोणी केली? मी तर फक्त सांगितलं. सोमवारी लेथवर माझे दोन तुकडे वाया गेले.

त्याच संध्याकाळी आमच्या शेजारचा बळीराम नागपूरहून आला आणि दारातूनच ओरडला, "वहिनी, इतवारीत रामकृष्णभाऊ दिसले! पाठमोरे होते, पण चाल तीच. हाक मारेपर्यंत गर्दीत गेले." वहिनीच्या हातातली परात खाली पडली. पाच महिन्यांत मी तिला हसताना बघितलं नव्हतं, ती हसली. म्हणाली, "मी उद्याच जाते. भाऊजी, तुम्हाला सुटी नाही मिळायची, मी एकटी जाते. फोटो घेऊन जाते."

मी म्हणालो, "ऊन फार आहे."

"असू दे."

"बळीरामला भास झाला असेल."

"तर भास बघून येते."

मी धावत चर्चमध्ये गेलो. फादर बागेत पाणी घालत होते. मी म्हणालो, फादर, एखाद्याला गाडीत बसण्यापासून थांबवलं तर चालतं का? फादर म्हणाले, "कौन सी गाड़ी?" मी म्हणालो, त्या दिवशी आपण जे ऐकलं... त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली. "किस दिन? मैंने कुछ नहीं सुना. तुमने भी नहीं सुना." मग मी वकिली काढली. बाप्तिस्मा 'जर'वाला होता ना? मग तो बाप्तिस्मा झाला की नाही तेच ठरलेलं नाही. बाप्तिस्मा नाही तर कबुली नाही, कबुली नाही तर तोंडाला कुलूप कसलं? आणि मी तर तुमच्या धर्माचाही नाही! फादरचे डोळे भरले होते, हे मी खोटं सांगत नाही. म्हणाले, "ताला 'अगर' वाला नहीं होता, नीलकंठ. और हां तुमने बोला था." ते पुन्हा झारी घेऊन मोगऱ्याकडे गेले.

मी फार चिडलो. रस्ताभर त्यांना, बिशपला, पिंटोला शिव्या देत आलो. पण घरी जाऊन वहिनीला सांगितलं का? नाही. हो म्हणालो होतो. शिवाय वाटलं, चारच दिवस तर आहेत, शनिवारी तो सांगेल, माझ्या तोंडून कशाला? हे वचन पाळणं होतं की भिणं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.

मंगळवारी सकाळी हाऊबाग स्टेशनवर छोट्या लाईनच्या गाडीत मी तिला बसवून दिलं. सुरई भरून दिली, खिडकीची जागा धरून दिली. गोंदियाला गाडी बदलायची हे तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "सापडले तर आधी तुम्हालाच तार करीन. तुम्ही फार लावून घेतलंय स्वतःला." गाडी हलली. ती खिडकीतून हात करत होती आणि मीही हात करत होतो.

शनिवारी सकाळी ती परत आली. पाय सुजले होते, चेहरा काळवंडला होता. तीन दिवस इतवारी, महाल, सीताबर्डी, दिसेल त्याला फोटो दाखवला. चहासुद्धा न घेता म्हणाली, "चला, हजेरीचा दिवस आहे." तिच्यासाठीही तो आता हजेरीचाच दिवस झाला होता.

ठाण्यात थॉमस आधीच येऊन बसला होता, मेच्या उन्हात स्वेटर घालून. वहिनी बसली तसा तो उठला, तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. रविवारी माझ्याजवळ सांगितलं तसंच, त्याच क्रमाने. मी खिडकीबाहेर बघत होतो. आश्चर्य कसं दाखवायचं असतं, हात कुठे ठेवायचे असतात, मला काही सुचेना.

वहिनी ओरडली नाही. पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. तो थांबल्यावर तिने विचारलं, "शेवटी काय ओरडले ते?" थॉमस म्हणाला, "तुझं नाव. आणि 'नीलू'. आणि परत तुझं नाव." ती म्हणाली, "त्यांच्यासारखाच बोलतोस रे तू." त्याच्या एका हाताला तिने हात लावला, लगेच काढूनही घेतला. म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस."

मग तिने माझ्याकडे बघितलं. माझे डोळे कोरडे होते. रविवारपासून संडासात जाऊन रडून झालं होतं माझं, आता काही उरलं नव्हतं.

"भाऊजी, तुम्ही रविवारी याच्याजवळ होता ना? चर्चमध्ये?"

"होतो."

"आणि मंगळवारी मला गाडीत बसवून दिलं."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यातलं काहीही सांगायची मला मुभा नव्हती. ती वाट बघत होती. हवालदार रजिस्टर उघडून, पेन हातात घेऊन बसला होता. त्याला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "क्या बोल रहा है ये? लिखवाइए."

वहिनीने माझ्यावरची नजर काढली नाही.

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "आता तरी सांगा."

मी हवालदारासमोर बसलो आणि थॉमस आत्ता बोलला ते पहिल्यापासून हिंदीत सांगायला लागलो.